वगळलेलं मशीन

आमच्या कॉम्प्युटर-भाषेच्या मॅन्युअलमधून एखादं जुनं मशीन, म्हणजे जुन्या जातीचा कॉम्प्युटर, वगळायचं असलं, की महिनाभर आधी सगळ्यांना मेल जातो: "हे अजून कुणी वापरतं का?" उत्तर आलं नाही, तर मी त्याचं पान काढून टाकतो.

यंदा उत्तर आलं. "मी वापरतोय. पान काढू नका."

"कोण हा शहाणा?" आमच्या संपादक ताई हसल्या. "त्या जातीचं शेवटचं मशीन आपल्याच कपाटात पडलंय. वायर मी स्वतः कापून फेकली. काढ बिनधास्त."

मी पान काढलं. लगेच दुसरा मेल आला. "इथे अंधार झाला."

ताईंनी भर दुपारी कपाट उघडलं. मशीनवर बोटभर धूळ होती. कीबोर्डवर मात्र कणभरही नव्हती.

"पान परत टाक," ताई कशाबशा म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता!"

मी धावत जागेवर आलो आणि मॅन्युअलची फाइल उघडली. 'नवीन सोयी'च्या यादीखाली एक ओळ उमटत होती.

"राहू द्या. इथे उजेड आहे."

मी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले. बटणं दाबली जातच होती.