रिकाम्या गाडीचा भार

बाबागाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे एक बाई जुनी गाडी घेऊन आली. खोल, मोठ्या चाकांची, हल्लीच्या घडीच्या गाड्यांपुढे अवजड.

"स्प्रिंगा बसल्यात. धाकट्या जावेला दिवस गेलेत. सासूबाई म्हणाल्या, तुझ्याकडे नुसती पडून आहे, तिला दे."

"तुमचं मूल मोठं झालं वाटतं?"

"चार महिन्यांचा असताना गेला. तीन वर्षं झाली."

कारागिराने नव्या स्प्रिंगा बसवल्या. त्याने हात काढताच रिकामी गाडी हळूहळू खाली बसली. त्याने आणखी कडक स्प्रिंगा घातल्या. त्याही तशाच दबल्या.

"चार महिन्यांच्या बाळाचा भार एवढा नसतो," तो पुटपुटला. "हे चांगलं तीन वर्षांच्या पोराचं वजन आहे."

"मी घरी सांगून दमले," बाई म्हणाली. "म्हणतात, नवं बाळ आलं की विसरशील."

"मग ही गाडी देऊ नका, ताई."

"का? त्यांनीच मागितलीये ना."

तिने वाकून आतली गादी सारखी केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सरक रे थोडा. अजून एक येतंय."

गाडीच्या डाव्या स्प्रिंगा सावकाश वर आल्या. उजव्या आणखी खाली दबल्या.