दोन शितं जास्तीची

या, जरा जवळ सरका, माझ्या मामंजींची गोष्ट सांगते. मामंजी म्हणजे माझे सासरे, कोकणातले कीर्तनकार. "मुक्या जीवाला छळून केलेली वस्तू आमच्या घरात येणार नाही," असा शब्द त्यांनी भर कीर्तनात चिपळ्या हातात धरून दिला होता. सशांवर तपासतात म्हणून मीही लिपस्टिक सोडली.

मग लाकडं काढताना मला फुरसं चावलं. दवाखान्यात पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सवयीने मामंजींनी औषधाची चौकशी केली. डॉक्टरीणबाई औषधाची बाटली दाखवत म्हणाल्या, "घोड्याला सापाचं विष टोचून बनवतात, बुवा, आणि उंदरांवर तपासतात. देऊ ना?"

मामंजी म्हणाले, "पण भर कीर्तनात शब्द दिलाय मी..." सासूबाई कडाडल्या, "अहो, निरूपण मग करा! पोर जात्ये हातची!"

"द्या," म्हणत मामंजींनी त्या बाटलीला हात जोडले.

मी वाचले. लिपस्टिक अजूनही आणत नाही. मामंजी मात्र आता तसा शब्द देत नाहीत. जेवणाआधी देवाच्या नावाने पानाशेजारी भाताची शितं ठेवतात, त्यांत दोन जास्तीची असतात. तुम्हीही औषध घ्याल तेव्हा त्या घोड्याची, त्या उंदरांची आठवण ठेवा.