विजेत्याची विचारपूस

जन्मलो तेव्हाच मी पावणेपाच किलोचा होतो. शाळेत मला एकट्याला अख्खा बाक लागायचा. पुढे लोखंडी कपाटं जिन्यावरून चढवायचं काम करताना बॉक्सिंगच्या एका सरांनी मला हेरलं आणि हेवीवेट गटात उतरवलं. त्या गटात माणसंच कमी, त्यामुळे दोन लढती जिंकून मी थेट फायनलला पोचलो.

फायनल चाळीस सेकंद चालली. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात, नाकाला भलीमोठी पट्टी. माझी ताई तिथेच नर्स आहे. दाराशी उभ्या असलेल्या विजेत्यावर ती कडाडली, "एवढ्या जोरात मारतात का हो कुणाला?"

तो डोंगराएवढा गडी मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, मॅडम. उद्या येतो विचारपूस करायला."

आणि तो खरंच रोज यायला लागला, तोही सफरचंदं घेऊन. मला अगदी भरून आलं. आईला म्हटलं, "बघ, मी तोडीस तोड होतो, म्हणून एवढा मान देतोय तो मला."

"हो रे बाबा," म्हणत आई सफरचंद चिरत राहिली.

आठवड्याने मी घरी आलो. महिन्याभराने नाक दाखवायला पुन्हा दवाखान्यात गेलो, तर ताई आणि तो एकाच डब्यातून जेवत बसलेले.



मला पाहताच तो गडबडून उठला आणि काळजीने म्हणाला, "अरे, तुम्ही इकडे कुठे? बरं नाही का?"