सडक्या कांद्याचा वास

गोजराबाईंनी शेवटचा कांदाही दाबून पाहिला. घट्ट होता. मान पाहिली, बूड पाहिलं. कुठे मऊ नाही, काजळी नाही. ओट्याखाली गोणपाटावर पसरलेला एकेक कांदा त्यांनी हातात घेऊन पाहिला होता. सगळे चांगले होते. आणि सडक्या कांद्याचा वास येतच होता.

दुपारी तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. वणीजवळच्या गावात त्यांचा जन्म चुलीपुढे आणि कांदे साठवायच्या चाळीत गेला होता. एक सडला की शेजारचे नासवतो, म्हणून त्या शोधायला बसल्या. आता शोधायला काही उरलं नव्हतं, आणि त्यांना भलतीच शंका यायला लागली.

थोरल्या बहिणीचं, विमलाबाईचं, असंच सुरू झालं होतं. चूल विझलेली असायची आणि ती म्हणायची, दूध करपलं. आधी सगळे हसले. वर्षभरात तिला पोटची पोरं ओळखू येईनात.

बाहेरच्या खोलीत नात झोपली होती. मुलगा आणि सून दोघं नोकरीला जात. पायलला सांभाळायलाच तर गोजराबाई नाशिकला आल्या होत्या. डोकं फिरलेल्या बाईच्या हाती लेकरू कोण ठेवेल? त्यांनी ठरवलं, बोलायचं नाही.

तेवढ्यात सून, साक्षी, शिंकतच घरात आली. सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं. पावसाची झड होती, खिडक्या सकाळपासून बंद होत्या. ती थेट स्वयंपाकघरात आली. चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं, लायटर उचलला आणि सासूकडे पाहिलं.

“आई, काय झालं? बरं नाही का वाटत?”

नाही म्हणायला गोजराबाईंनी तोंड उघडलं. मग विमलाबाई आठवली. उद्या पायलला आपण कुठं विसरून आलो तर?

“पायलला माझ्यापाशी ठेवू नको, बाई,” त्या म्हणाल्या. “माझं डोकं फिरू राह्यलं. कांदे समदे चांगले हाय, आन् मला दुपारपासून सडका वास येतोय.”

साक्षीचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला. लायटर तिने अगदी हळू खाली ठेवला. ओट्याखाली वाकून काहीतरी फिरवलं, खिडकी ढकलली, झोपलेल्या पायलला उचललं आणि सासूचा दंड धरला.

“चला. आधी बाहेर चला.”

ती घाबरली आपल्याला, गोजराबाईंना वाटलं. अनवाणीच त्या जिना उतरल्या. रडूसुद्धा येत नव्हतं.

खाली पोहोचल्यावर साक्षी पायरीवर बसली.

“डोकं ठीक आहे तुमचं, आई,” ती म्हणाली. “गॅस गळत होता. त्याला सडक्या कांद्यासारखाच वास येतो.”