ओव्हनची सुई

मिस्त्रीनं ओव्हनमधली बंद पडलेली, पदार्थात खुपसून तापमान बघायची सुई उपसून तिच्या खोबणीतून पिवळी चरबी कोरून काढली. “मटणाची हाय की. आकडा कसा दिसंल?” सासूबाई निंगव्वा रेश्मावर उसळल्या, “लिंगायताच्या घरात मटण? शेवटी अकलूजवालीनं घर बाटवलंच!” रेश्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नात शब्द दिला म्हणून तीन वर्षं तिनं माहेरच्या जत्रेतसुद्धा रस्सा तोंडाला लावला नव्हता. मिस्त्री गोंधळला. “आवं, वहिनींच्या मालकांनीच फोन केलता. घरात कुणी नसलं की मटण करतो, पण शिजलं का कळंना, म्हणले.” पूजेवरून उठून आलेला रेश्माचा नवरा मल्लिनाथ कपाळावरच्या विभूतीसकट दारातच थिजला. निंगव्वांनी लेकाकडं पाहिलं आणि पुन्हा सुनेवरच तोंड सोडलं. “माझ्या पोराला ही चटक लावली कुणी?” रेश्मानं पिशवी उचलली. “दादा, सुई नीट बसवा. मी किलोभर मटण घेऊन येते.”