सव्वापाच तासांचं विमान

आई सकाळी सातला गेली. मी आधी थोरल्या दादाला निरोप धाडला, मग धाकट्या भावाला फोन लावला. सुट्टी संपवून परदेशी परत जाताना धाकटा दर वेळी आईला सांगायचा, "सव्वापाच तासांचं तर विमान आहे, आई. हाक मार, आलोच म्हणून समज." आज तोच फोनवर रडत म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत तिला नेऊ नका गं."

आम्ही थांबलो. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या. शेजारणीने आणून दिलेला चहा साय धरून तसाच राहिला. संध्याकाळी धाकटा आला, तो गळ्यातलं ऑफिसचं कार्डसुद्धा न काढता. चार हजार किलोमीटर तोडून आला आणि आईच्या पायाशी मटकन बसला.

शववाहिनीचा ड्रायव्हर घड्याळ बघत दारात आला.

"ताई, आता निघायचं ना? की अजून कुणी यायचंय?"

"दादा यायचाय."

"ते पण विमानानंच येतायत का?"

 

"नाही. वरच्या मजल्यावर राहतो. चौदा पायऱ्या आहेत."