जावेचं अंगण

धाकट्या जावेने थोरलीच्या शेजारीच असलेल्या आपल्या अंगणातलं सगळं काँक्रीट फोडलं, गवंड्याकडून मधोमध उथळ खड्डा खणून घेतला आणि त्यात गवतं, फुलझाडं लावली. आता पावसाचं पाणी त्यात साचतं आणि हळूहळू मुरतं. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून फोटो काढतो. सासूबाई तर दुपारचा चहासुद्धा तिकडेच घेतात.

थोरलीच्या गुळगुळीत फरशीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघेना. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी तिने त्याच गवंड्याला बोलावलं.

"मलाही तस्संच करून द्या. पण तिच्यापेक्षा मोठं हवं!"

गवंड्याने फरशीचा उतार पाहिला आणि डोकं खाजवलं.

"वहिनी, हे तुम्ही आधीच केलं असतं, तर त्यांना अंगण फोडावंच लागलं नसतं."

"म्हणजे?"


"तुमच्या फरशीवरचं पाणी दर पावसात त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचं. मी म्हटलं, जावेला सांगा की सरळ. तर म्हणाल्या, 'नको, ताईंनी किती हौसेने बसवलीय ती फरशी!'"